बंद दारांचा राजा

इंद्रदेवबुवा कीर्तनाला उभे राहिले की बेटाच्या दक्षिण काठावरच्या सुरिनाम गावातली म्हातारी माणसं भिंतीला टेकून सैल बसायची. आता काळजी नाही, बुवा आपल्याला सुखरूप घरी पोचवतील, असा तो भरवसा होता. आख्यानात देव वनवासाला गेला तर बुवा त्याला परत गादीवर बसवल्याशिवाय चिपळ्या खाली ठेवायचे नाहीत; मग बाहेर पाऊस कोसळो की शेवटची बस निघून जावो. "देवाला संकटात ठेवून उठायचं नसतं," ते म्हणायचे. "ते संकट ऐकणाऱ्याच्या पाठी घरी येतं." कथा मंगलावर यायची, आरती व्हायची, हातावर खोबरं-साखर पडायची, आणि मगच लोक चपला शोधायला उठायचे.

असे हे बुवा. दिवसा शेजारच्या सुयाकच्या कोर्टात कारकून, संध्याकाळी हरीचे दास. त्यांना एका ग्रीक राजानं पछाडलं ते त्र्याऐंशी साली.

झालं असं, की गावच्या मराठी मंडळींनी त्या वर्षी नाट्यस्पर्धेत उतरायचं ठरवलं. नाटक लिहिलं विद्यावतीनं. गावातलीच पोर, पुण्याला शिकून आलेली, आता कॉलेजात शिकवत होती. ग्रीक लोकांची हजारो वर्षांपूर्वीची नाटकं तिच्या डोक्यात घर करून बसली होती, आणि त्या धाटणीचं एक तिनं आपल्या मनानं रचलं होतं. राजा झाला सीताराम, बसचा ड्रायव्हर. आवाज असा की गाडीला हॉर्न नसता तरी चाललं असतं. बुवांच्या वाट्याला आलं गाणारं मंडळ.

"ग्रीक नाटकात असं एक मंडळ असतंच, काका," पहिल्या तालमीला बैठक्याच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, पडवीत विद्यावती समजावून सांगत होती. "गावातली साधी माणसं. ती सगळं बघतात, गातात, घाबरतात, राजाला विनवतात. पण कथा थांबवणं त्यांच्या हातात नसतं."

"म्हणजे टाळकरी," बुवा म्हणाले. "कळलं. पुढं वाच."

तिनं वाचलं. एका बेटावर एक राजा होता. भला माणूस, प्रजेवर जीव टाकणारा. देवळातल्या बाईच्या अंगात आलं आणि ती बोलली, राजा, तुझं शहर दारात जाईल. राजानं त्याचा अर्थ लावला, की शत्रू दारातून आत शिरणार. मग त्यानं तटाचं एकेक दार विटांनी बुजवायला घेतलं. मंडळ म्हणतं, राजा, हवेला तरी वाट ठेव. राजा म्हणतो, तुमच्यासाठीच करतो आहे. शेवटचं दार बाहेरून नीट बसलं की नाही बघायला तो शिडीनं तट उतरून जातो, आणि त्याच वेळी आत धान्याच्या कोठाराला आग लागते. माणसं दाराकडे धावतात. दार नसतं. राजा बाहेर उभा राहून विटा उपसत राहतो, आणि आत त्याची लेक हाका मारत असते.

वाचन थांबलं. बुवा वाट बघत राहिले.

"आणि मग?"

"मग काही नाही, काका. मंडळ गातं आणि लोक घरी जातात."

"रडत?"

"रडत म्हणा. अस्वस्थ होऊन म्हणा."

"देव येत न्हाय?"

"येत नाही."

बुवांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. "त्याचं पाप तरी काय? माणूस वाईट असला तर एक वेळ समजू शकतो."

"पाप नाहीच. चूक आहे. ग्रीकांचा नायक वाईट नसतो, काका. आपल्यापेक्षा थोडा मोठाच असतो. तो एका जागी चुकतो, तीही मायेपोटी. ज्या पावलांनी भविष्यापासून पळतो, त्याच पावलांनी तिथं जाऊन पोचतो."

"मग दैव मोठं की माणूस?"

"पा कोने, काका." पुण्याच्या शुद्ध मराठीतून ती एकदम बेटावरच्या क्रेओल बोलीवर उतरली. "मला काय ठाऊक? ग्रीकांना तरी कुठं ठाऊक होतं? ठाऊक असतं तर कशाला नाटकं लिहीत बसले असते."

सीताराम मोठ्यानं हसला. "बुवा, तुम्ही शेवटी आरती म्हणा. आग विझंल."

बुवा हसले नाहीत. त्यांनी मंडळाची चाल बांधायला घेतली. माणसं एकमेकांचे हात धरून रांगेनं उभी राहतील आणि लाट हलावी तशी हलतील, असं विद्यावतीनं सांगितलं होतं. शेवटच्या दोन ओळी बुवांनी एकट्यानं म्हणायच्या होत्या:

उगवतीचं दार बुजवलं, मावळतीचं बुजवलं,
राखायाला गेला ज्याला, त्यालाच त्यानं निजवलं.

पहिली ओळ गाभाऱ्यातल्या घंटेसारखी निघाली. दुसरीला बुवांनी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. खाकरून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं. तासन्‌तास आख्यान लावणारा माणूस, एका ओळीपाशी मुका झाला.

"घसा बसला," ते म्हणाले. पण घसा बसला नव्हता. हे त्यांना दोन्ही बाजूंच्या उसाच्या सळसळीतून घरी चालताना चांगलं कळत होतं.

त्यांचा मुलगा सुरेंद्र मांडीवर होता तेव्हा इंडियातून एक ज्योतिषी देवळात उतरला होता. त्यानं पोराची पत्रिका पाहिली, बोटं मोजली आणि म्हणाला, "याला पाण्याचं भय आहे. जपा." एवढंच. मग त्यानं चहा घेतला आणि तो पुढच्या गावाला गेला. त्याच्या मागे बुवांच्या घरात ते वाक्य राहिलं ते राहिलंच. तेव्हा त्यांचं घर समुद्राला लागून होतं, अंगणात मीठ यायचं. पंच्याहत्तरच्या वादळात छपराचे पत्रे उडाले ते निमित्त झालं, आणि बुवांनी बिऱ्हाड वर उसाच्या बाजूला हलवलं. विहिरीवर दगडी झाकण बसवलं. नदीला जायचं नाही, शाळेची सहल किनाऱ्यावर असेल तर त्या दिवशी ताप यायचा. गावातली पोरं चालायच्या आधी पोहायला शिकत, आणि सुरेंद्र चोवीस वर्षांचा झाला तरी गुडघ्याच्या वर त्याला पाणी लागलं नव्हतं. तो सालस निघाला. शेतकी खात्यात लागला, बापाला कधी उलट बोलला नाही. गणपती विसर्जनाला सगळे पाण्यात शिरले की तो फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या, झाडांखाली चपलांच्या ढिगापाशी उभा राहायचा. बरोबरीचे ओले होऊन परत आले की विचारायचे, "काय रे, पादुका सांभाळल्यास ना?" तोही हसायचा. ते हसणं बघून कुंती तोंड फिरवायची.

कुंती म्हणजे बुवांची बायको. त्या संध्याकाळी ती विहिरीचं झाकण सरकवत होती. रोज दोनदा ते सरकवून तिच्या मनगटाला गाठ आली होती.

"तुमच्या त्या नाटकातल्या राजाला बायको हाय काय?" तिनं विचारलं.

"न्हाय. का?"

"असती तर विटा उचलायला तीच लागली असती, म्हणून विचारलं."

त्या दिवसापासून बुवांचं बसणं-उठणं बिघडलं. कोर्टात साक्षीदाराचं नाव पुकारताना मधेच ती ओळ ओठांवर यायची आणि अडायची. दोनदा तर वाण्याकडून काय आणायचं ते विसरून रिकाम्या हातानं परत आले. तालमीत रोज पहिली ओळ व्हायची आणि मंडळ हात धरून दुसरीची वाट पाहत हलत राहायचं. शेवटी ते विद्यावतीला म्हणाले, "पोरी, शेवट बदल. एक देव आण, पाऊस पाड, काहीही कर. मी लोकांना असं अर्ध्या वाटेवर सोडून कधी उठलो नाही."

ती म्हणाली, "बघते, काका." म्हाताऱ्या माणसाचं मन मोडवत नव्हतं तिला.

गणपती आले. बुवांच्या घरचा दीड दिवसाचा. मातीची मूर्ती, शेजारी केळीचे खांब, मोदक, रात्रभर झांजा. मूर्ती पाण्यात न्यायची ती घरच्याच माणसानं, ही रीत. बुवांना पोहता येत नव्हतं आणि पोराला त्यांनी शिकू दिलं नव्हतं. म्हणून त्यांच्या बहिणीचा मुलगा हरिलाल दर वर्षी पाट डोक्यावर घेऊन आत जायचा. साखर कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी मासे धरायला. समुद्र त्याला आपल्या अंगणासारखा. पण त्या वर्षी विसर्जनाच्या सकाळी हरिलाल दारात आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मामा, पितों गावचे चुलते गेले काल. सुतक आलं मला. देवाला शिवता येणार न्हाय."

सुतक त्याच्या कुळाचं, मामाच्या घराला ते लागत नव्हतं. देव तर आजच जायला हवा होता.

सगळ्यांच्या नजरा सुरेंद्रकडे वळल्या. तो हात पुसत पुढे आला.

"बाबा, मी नेतो. कमरेएवढ्या पाण्यातून सोडून येतो. सगळे असतील की बरोबर."

"नको."

"हरिभाऊ काठावरून सांगेल कुठं पाय ठेवायचा ते."

"नको म्हटलं ना. मी नेईन."

"तुम्हांला तरी कुठं पोहता येतं?"

"मला कुणी काय सांगितलेलं न्हाय," बुवा म्हणाले. त्यांना मनातून बरंही वाटलं. तोड निघाली होती. देवाची सेवाही होणार आणि पोर चपलांपाशी सुरक्षित राहणार. कुंती काहीतरी बोलणार होती, पण पाटावरचा देव उचलताना वाद घालू नये म्हणून गप्प राहिली.

रियांबेलच्या किनाऱ्यावर त्या दिवशी दक्षिणेचा वारा अंगावर वाळू मारत होता. आरती झाली. बुवांनी धोतर खोचलं, पाट डोक्यावर घेतला आणि "मोरया" म्हणत पाण्यात शिरले. मागे सीताराम आणि मंडळातली माणसं झांजा वाजवत गुडघाभर पाण्यापर्यंत आली. सुतकामुळे हरिलाल दूर, झाडांच्या त्या टोकाला. सुरेंद्र चपलांपाशी.

कमरेएवढं पाणी झालं. इथंच सोडला असता तर चाललं असतं. पण गेल्या साली देवाचा एक हात दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला होता आणि बुवांना ते वर्षभर खात होतं. देव परत येऊन असा वाळूत पडू नये. अजून चार पावलं, त्यांनी मनात म्हटलं. पाणी छातीला लागलं. त्यांनी मूर्ती एकदा बुडवली, दुसऱ्यांदा बुडवली. तिसऱ्यांदा पुढे पाऊल टाकलं, तर खाली काहीच नव्हतं.

तिथं तळ एकदम खचतो आणि पाणी खडकांच्या फटीकडे ओढत नेतं. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ठाऊक नव्हतं ते बुवांना, कारण गेली कितीतरी वर्षं त्यांनी समुद्राकडे पाठ करूनच दिवस काढले होते. ते गेले खाली. हाताला वाळू लागली, ती त्यांनी आधार समजून मुठीत घट्ट धरली. आणि त्या हिरव्या काळोखात, जिथं नामस्मरण आठवायला हवं, तिथं त्यांना ती ओळ आठवली. पुरी आठवली, सुरासकट.

वर आले तेव्हा डोळ्यांत मीठ होतं. त्यातून त्यांना किनारा दिसला, झाडं दिसली, आणि पाण्यातून येणारा सुरेंद्र दिसला. हात पुढे केलेला, छातीपर्यंत पाण्यात, थांबत नव्हता. चोवीस वर्षं ज्या पाण्यापासून त्याला राखला त्या पाण्यात त्याला आज कोण घेऊन आलं होतं? बुवांना ओरडायचं होतं, मागं फीर. तोंडात पाणी गेलं. बाहेर उभा राहून विटा उपसणारा तो राजा त्यांना त्या क्षणी सख्ख्या भावासारखा ओळखू आला.

सुरेंद्रचा पायही सुटणार, एवढ्यात मागून सीतारामनं त्याचं मनगट पकडलं.

"सोड," सुरेंद्र म्हणाला.

"न्हाय सोडत," सीताराम म्हणाला, आणि बसच्या हॉर्नसारखा आवाज लावून ओरडला, "मंडळ, हात धरा."

महिनाभर हात धरून उभं राहायची सवय झालेली माणसं. झांजा पाण्यात पडल्या आणि हाताला हात लागत गेला, सीतारामपासून थेट कोरड्या वाळूपर्यंत. ती रांग लाटेबरोबर हलली, पण तुटली नाही. तेवढ्यात हरिलाल धावत आला, रांगेच्या बाजूनं पाण्यात झेपावला, पोहत पलीकडे गेला आणि त्यानं मामाला काखेत धरून ओढीच्या आडव्या बाजूनं ढकललं. सुरेंद्रचा हात पुढे होताच. बुवांनी तो धरला.

वाळूवर आणून उपडं केलं तेव्हा बुवांच्या पोटातून बरंच पाणी निघालं. कुंतीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. हरिलाल दोन हात लांब जाऊन बसला.

"मामा, सुतकात शिवलो तुम्हांला," तो धापा टाकत म्हणाला. "पण देव आधीच गेला होता. मामाच उरला होता."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, रडणाऱ्या माणसांसारखे. पाट लाटेबरोबर परत आला होता. विसर्जनानंतर पाटावर तळाची वाळू घरी न्यायची असते, आणि वाळू आणायला कुणाचीच पुन्हा पाण्यात शिरायची छाती होत नव्हती. कुंतीनं नवऱ्याची वळलेली मूठ एकेक बोट करून उघडली. आत वाळू होती. तिनं ती पाटावर ठेवली.

पुढच्या तालमीला बुवा काठी टेकत आले. विद्यावतीनं शेवटी खरंच पाऊस पाडला होता. आकाशवाणी होते, आग विझते, राजाची लेक बाहेर येते आणि मंडळ आरती म्हणतं. तिनं ते वाचून दाखवलं आणि बुवांकडे पाहिलं.

"पाऊस काढून टाक," बुवा म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, काका."

"म्हणालो होतो. आता नको. तुझं पहिलं होतं तेच बरोबर."

"लोक अस्वस्थ होऊन घरी जातील."

"जाऊ देत. आपल्या घरातलं कुठलं दार बुजलंय ते तरी जाऊन बघतील." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "कीर्तनात मी देवाला गादीवर बसवीनच, ते सोडणार न्हाय. पण हे कीर्तन न्हाय. ह्याच्यात लोकांनीच उठून काहीतरी करायचं असतं, नाटक संपल्यावर."

"आणि तुमचं मंडळ? ग्रीकांचं मंडळ नुसतं बघत राहतं. तुमचं तर पाण्यात शिरलं."

"आमचे टाळकरी हायत ते. बुवा अडला तर पुढची ओळ त्यांनीच उचलायची असते."

मग त्यांनी दोन्ही ओळी म्हटल्या. दुसरी आली. गोड नाही आली, घासत आली. सीताराम राजाच्या मुकुटासकट खाली मान घालून बसला.

त्या रविवारी सकाळी हरिलालनं सुरेंद्रला उथळ पाण्यात नेलं. हे बुवांनीच सांगितलं होतं, स्वतःहून, चहा पिता पिता, जसं काही बाजारातून मिरच्या आणायला सांगावं. विहिरीवरचं झाकण त्यांनी आदल्या दिवशी काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

फिलाओच्या सावलीत बुवा आणि कुंती बसली होती. समोर दोन जोड चपला होत्या, त्या आता बुवा राखत होते.

"कुंती," ते म्हणाले, "त्या ज्योतिष्यानं सांगितलं होतं ते भय त्या दिवशी होऊन गेलं म्हणायचं, की अजून यायचं हाय?"

"पा कोने," कुंती म्हणाली. नजर पाण्यावर होती. "हात मारतोय बघा. पाय जरा कमी मारतो."

हरिलालनं सुरेंद्रच्या पोटाखालचा हात काढून घेतला. सुरेंद्रचं डोकं पाण्याखाली गेलं. बुवा उभे राहिले. एका हातात पोराची चप्पल कधी उचलली गेली ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

डोकं वर आलं. सुरेंद्रनं तोंडावरचं पाणी पुसलं, काहीतरी बोलला, हरिलाल हसला. पुन्हा डोकं खाली गेलं.

"बसा आता," कुंती म्हणाली.

"बसतो," बुवा म्हणाले, आणि उभेच राहिले.